कुंडीत कचरा पुरू नका: आत्याला आलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी इथे इंदूरमध्येच, लोकमान्य नगरला आत्याकडे गेले, तर जिन्यातच आंबूस वास यायला लागला. वर गच्चीवर टोमॅटोच्या सहा कुंड्या. त्यातली दोन रोपं काडीसारखी वाळलेली, उरलेल्या चारांची खालची पानं पिवळी पडलेली. एका कुंडीत बोटं घातली तर माती कोमट लागली. जरा उकरलं आणि चिकट काळा गोळा हाताला आला. त्यात भाताची शितं, कांद्याची सालं, चहाचा चोथा अजून ओळखू येत होता, वर पांढरी बुरशी आणि चिलटांच्या बारीक अळ्या. आत्या म्हणाली, "अगं, मेसेजमध्ये लिहिलं होतं तस्संच केलं मी. माझाच हात वाईट बहुतेक."

आत्या बहात्तर वर्षांची आहे. रामबागेतल्या जुन्या वाड्याच्या परसात तिने दोडका, घेवडा, अळू असं सगळं पिकवलेलं मी लहानपणी पाहिलंय. तिने स्वतःच्या हाताला बोल लावावा याचा मला संताप आला, म्हणून हे लिहिते आहे.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'आजीच्या बागेतली सात गुपितं' असं नाव, आणि खाली एका दमात सात उपदेश. ओला कचरा कुजवत बसू नका, थेट कुंडीत पुरा. किडीसाठी तंबाखू रात्रभर भिजवून फवारा. टोमॅटोचं बूड काळं पडलं तर अंड्याची टरफलं घाला. कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर द्या. राख टाका. केळीच्या सालीचं पाणी द्या. अमावास्येला बी पेरू नका. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: हे आपल्या पूर्वजांचं शास्त्र आहे, नर्सरीवाले तुम्हाला सांगणार नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या उपदेशाने होतंय, तेव्हा आधी तोच घेते.

ओला कचरा थेट मुळाशी पुरा, हे कुठल्या पूर्वजांनी सांगितलं? आपल्याकडे उकिरडा असायचा. शेण, गोठ्यातला केर, राख, पालापाचोळा तिथे महिनोन्‌महिने पडून कुजायचा आणि उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात जायचा. कच्चं शेण पिकाला घालायचं नाही हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक होतं, कारण त्याने पीक जळतं आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी लागते. म्हणजे परंपरेत सगळा भर कुजवण्यावर होता, आणि मेसेज नेमकी तीच पायरी गाळायला सांगतो.

दुसरं म्हणजे हा मेसेज इंदूरमध्ये फिरतोय. कंपोस्टच्या ज्या पद्धतीला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात, ती याच गावात तयार झाली. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे, तिथे १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही शेती-संशोधन संस्था सुरू झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कचरा कुजवण्याचे प्रयोग करून १९३१ मध्ये त्यावर पुस्तक काढलं, 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर'. पुस्तकावर दोघांचीही नावं आहेत. हॉवर्डांचं नाव सगळे घेतात, वाडांचं आपण इंदूरचे मराठी लोकही घेत नाही, ही खंत वेगळीच.

त्यांचं सांगणं साधं आहे. जमिनीला एकाच वेळी दोन कामं लावू नका. कचरा कुजवणं हे एक काम आणि पीक वाढवणं हे दुसरं. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र आणि प्राणवायू लागतो. कच्चा माल मुळांशी पुरला की ते जिवाणू आणि पिकाची मुळं एकाच ताटात जेवायला बसतात, आणि जिवाणू आधी जेवतात. म्हणून कुजवण्याचं काम बाहेर, खड्ड्यात उरकून घ्यायचं. त्यांच्या खड्ड्यात शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती आणि लाकडाची राख थरांनी भरली जायची, ओलावा सांभाळला जायचा, तीन वेळा परतलं जायचं, आणि साधारण तीन महिन्यांनी खत तयार व्हायचं. ढीग आतून चांगलाच तापायचा. ती ऊब खड्ड्यात हवीच असते. आत्याच्या कुंडीत मात्र तीच ऊब टोमॅटोच्या मुळांना मिळत होती.

शेतात निदान जागा असते. बारा इंची कुंडीत कचरा आणि मुळं यांच्यात चार बोटांचंही अंतर राहत नाही. वरून रोज पाणी पडतं, हवा आत शिरत नाही, कचरा कुजण्याऐवजी सडतो, आंबतो. मुळं आधी तपकिरी होतात, मग पानं पिवळी पडतात. रोप पिवळं दिसलं की माणूस आणखी 'खत' पुरतो. आत्यानेही तेच केलं होतं, आठवड्यातून दोनदा.

एक गोष्ट मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. बंगल्याभोवती मोकळी जमीन असेल, तर झाडापासून हातभर लांब चर खणून त्यात कचरा पुरला आणि दोन-तीन महिने तिथे काही लावलं नाही, तर पुढे त्या जागी भाजी उत्तम येते. मेसेज लिहिणाऱ्याने कदाचित असंच काही कुठेतरी ऐकलं असेल. पण चर, अंतर आणि थांबणं या तिन्ही गोष्टी गाळून उरलं ते 'कुंडीत पुरा'.

आता तंबाखू. इथे प्रश्न झाडापुरता राहत नाही.

आत्याने तंबाखूची पुडी बादलीत रात्रभर भिजवली, सकाळी हातानेच कुस्करली, जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळली आणि मेथीवर, टोमॅटोवर फवारली. दुपारी तिला मळमळलं, गरगरलं. तिला वाटलं बीपी असेल. ते तंबाखूनेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण निकोटीन कातडीतून अंगात जातं ही पक्की माहिती आहे. तंबाखूची ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना नेमका हाच त्रास होतो: मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी. त्या आजाराला नावही आहे, ग्रीन टोबॅको सिकनेस. आणि तंबाखूपासून बनणारं निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक आपल्या देशात वापरायला बंदी आहे, ते फक्त निर्यातीसाठी बनवता येतं. जे शेतकऱ्याला वापरता येत नाही, ते घरगुती आहे म्हणून नातवंडांच्या ताटातल्या मेथीवर मारायचं? आत्याचा नातू टोमॅटो झाडावरचाच तोडून, सदऱ्याला पुसून खातो. मी आत्याला आधी ती मेथी उपटून टाकायला लावली.

शिवाय टोमॅटो, मिरची आणि वांगं ही तंबाखूच्याच कुळातली झाडं. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू सुकवलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हातांवरून टोमॅटोवर जातो. तंबाखू हाताळली असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू नये, असं म्हणतात ते याचसाठी. इथे तर न उकळलेलं पाणी थेट पानांवर मारायला सांगितलंय. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, पडला असेल तर पानं उलटी करून खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन-तीन दिवस सलग. त्याने नाहीच भागलं तर निंबोळी अर्क आहे.

अंड्याच्या टरफलांचं. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही म्हणून, इतकं खरं. पण आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर असतो, खणताना पांढरे खडे हाताला लागतात ते चुनखडीचेच. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं, आणि आपण दोन दिवस कुंडी कोरडी ठेवून तिसऱ्या दिवशी बादली ओततो. रोज बेताने पाणी द्या, मातीवर पाचोळ्याचं पांघरूण घाला. टरफलं कुंडीत वर्षभर तशीच्या तशी दिसत राहतात.

खडीचा थर: छिद्रावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. तेवढं पुरे. ओल्या स्पंजखाली खडे ठेवले म्हणून स्पंजातलं पाणी खाली गळत नाही, तसंच मातीचं आहे. जाड थर दिला की मुळांची जागा तेवढी कमी होते आणि चिखल वर सरकतो.

राखेला मी नावं ठेवणार नाही. हॉवर्ड-वाडांच्या खड्ड्यातही ती होतीच, आणि पानांवर कोरडी राख भुरभुरवून किडे कमी होतात हे आत्याच्या परसात मी पाहिलंय. फक्त लाकडाची हवी, चिमूटभर हवी, आणि राखेसारखीच आपली मातीही आधीच अल्कधर्मी आहे हे ध्यानात ठेवून. केळीच्या सालीच्या पाण्याने चिलटं येतात, त्यापेक्षा साली कंपोस्टमध्ये टाका. अमावास्येला पेरायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं, बियाला ओल आणि ऊब मिळाल्याशी कारण.

कचऱ्याचं मग करायचं काय? तो वेगळा काढायचं तर या गावाला शिकवायला नको, गाडी दारात येते आणि ओला-सुका वेगळा नसेल तर गाडीवाले टोकतात. घरीच जिरवायचा असेल तर बाजूला भोकं पाडलेले तीन माठ घ्या. एक भाग ओला कचरा, दोन भाग वाळलेली पानं, वर मूठभर जुनं खत, आणि आठवड्यातून एकदा काठीने खालवर. चहाचा चोथा धुऊन टाका, साखर राहिली की मुंग्या येतात. एक माठ भरला की तो झाकून दुसरा घ्यायचा. तिसरा भरेपर्यंत पहिला तयार होत येतो, थंडीत थोडा उशीर लागतो. मूठभर हातात घेतलं की पहिल्या पावसाच्या मातीचा वास यायला हवा, आणि आत काय काय टाकलं होतं ते ओळखू येता कामा नये. कांद्याचं साल ओळखू आलं तर अजून थांबायचं.

आत्याच्या सहाही कुंड्या आम्ही रिकाम्या केल्या. सडलेला गोळा माझ्या माठात आला, सुक्या पानांत मिसळून. माती जुन्या चादरीवर उन्हात पसरली आहे. त्या चार रोपांतली दोन जगतील असं वाटतं, मुळं धुऊन नव्या मातीत लावली आहेत. आत्याने मेसेज डिलीट केला नाही, म्हणाली, "असू दे, वैशालीला दाखवायचाय, तिनेही केलंय असंच." तर वैशालीताई, हे तुमच्यापर्यंत पोहोचलं तर आजच कुंडी उकरून बघा. वास आंबूस असेल तर उद्यावर टाकू नका.