जुन्या आरला कोणी वाली आहे की नाही?

आता खरंच डोकं फिरायची वेळ आलीय. आर (R) म्हणजे आकडेवारीचं काम करायची फुकट प्रोग्रामिंग भाषा, तिचं नवीन व्हर्जन दरवर्षी एप्रिलमध्ये येतंय, ४.३ झालं, ४.४ झालं, ४.५ झालं, आणि नवीन आलं की जुन्यातले बग दुरुस्त करणं बंद. विंडोजसाठी तयार पॅकेजेस (आरला जोडायची जादा कामाची साधनं) बनवतात ती पण चालू व्हर्जनची आणि त्याच्या आधीच्या एकाची, बास. म्हणजे दोन वर्षं धरून चाला, पुढं तुमचं तुम्ही बघा. पीएचडी दोन वर्षांत होते का ओ कुणाची?

मी खानापूर तालुक्यातला पावसाचा आणि भाताचा डेटा घेऊन बसलोय, गावांची नावं मराठीत पण आणि कन्नडमध्ये पण, आमच्या सीमाभागात डेटा असाच असतो. कॉलेजच्या लॅबमधली मशिनं जुनी, ३२ बिटवाली, ती ४.१ च्या पुढं जातच नाहीत, कारण २०२२ मध्ये ४.२ आलं तेव्हा ३२ बिट विंडोजचा सपोर्टच काढून टाकला. आणि सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? विंडोजवर यूटीएफ-८ (मराठी-कन्नडसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) नीट चालायला लागलं ते पण त्याच ४.२ पासून! त्याच्या आधीच्यात जांबोटी, कणकुंबी असलं काही टेबलात आलं की अक्षरांच्या जागी यू, प्लस आणि आकड्यांची रांग. म्हणजे आमची लिपी दाखवणारं व्हर्जन आमच्या मशिनवर चढत नाही आणि जे चढतंय ते आमची लिपी दाखवत नाही, आणि जुन्यात ते कोणी दुरुस्त पण करणार नाही!

विंडोज काढून लिनक्स टाक म्हणून सांगणारे पण भेटतात. टाका की. उबंटू म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, त्याच्या २२.०४ मध्ये आर ४.१.२ येतंय, आणि ज्या महिन्यात ते उबंटू आलं त्याच महिन्यात आर ४.२ पण आलं, म्हणजे उबंटूला पाच वर्षं सपोर्ट आणि त्यातलं आर पहिल्याच महिन्यात जुनं. मग पॅकेजेस बघा. मॅट्रिक्स नावाच्या पॅकेजच्या १.७ व्हर्जनला आर ४.४ पाहिजे, आणि मॅट्रिक्सवर निम्मी दुनिया उभी आहे.

'फुकट मिळतंय ना, मग ओरडतोस कशाला' हे तर मला सांगूच नका. जी माणसं हे फुकट बनवतात त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण पायथन ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा पण फुकटच आहे आणि त्याच्या प्रत्येक व्हर्जनला साधारण पाच वर्षं सिक्युरिटी फिक्सेस मिळतात. रेन्व (renv) नावाचं पॅकेज वापर म्हणतात, अहो रेन्व पॅकेजेसची व्हर्जन लिहून ठेवतंय, आरमधला बग थोडाच काढतंय. नवीन मशिनं घ्या म्हणणाऱ्यांनी एकदा तालुक्याच्या कॉलेजात येऊन ग्रँट मागून दाखवावी. पाच नको, दर तीन वर्षांनी एक व्हर्जन तरी असं काढा की ज्याला पुढची तीन वर्षं बग फिक्सेस आणि तयार पॅकेजेस मिळतील, एवढंच मागायलोय.