डेमो पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनो, निकालाचा तक्ता कधी वाचणार?

‘आधी डेमो दाखवा’ हे वाक्य आता नुसते कानावर पडले तरी डोक्यात तिडीक जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनावर आधारलेली कंपनी आम्ही सुरू केली तेव्हापासून, समोर गुंतवणूकदार असो, एखाद्या मोठ्या संस्थेचा खरेदी अधिकारी असो की ओळखीतून भेटलेला सल्लागार असो, बैठकीची सुरुवात याच वाक्याने होते आणि शेवट ‘पूर्ण कधी होईल, तेवढी तारीख सांगा’ या वाक्याने होतो. या दोन वाक्यांच्या मध्ये जे खरे काम आहे, ते ऐकून घेण्याची तसदी कोणीही घेत नाही.

आमचे काम समजायला अवघड नाही. स्कॅन केलेल्या, शिक्के मारलेल्या, हाताने खाडाखोड केलेल्या कागदांवरून नावे आणि रकमा वाचून त्या नोंदींत भरणारी प्रणाली आम्ही तयार करत आहोत. यातला अवघड भाग वाचनाचा नाही, खात्रीचा आहे. शिक्क्याची कड एखाद्या आकड्यावर आली की १ चा ७ होतो, आणि मॉडेल (उदाहरणांवरून शिकलेला आमचा प्रोग्राम) तो ७ अगदी ठामपणे लिहून मोकळे होते. जिथे खात्री नाही तिथे मॉडेलने थांबावे आणि तो कागद माणसाकडे पाठवावा, हे त्याला शिकवणे हाच आमच्या संशोधनाचा गाभा आहे. म्हणून कोणत्या प्रकारच्या कागदावर कोणती चूक किती वेळा होते, मॉडेल ठाम असताना किती वेळा चुकते आणि साशंक असताना किती वेळा बरोबर असते, याचा सविस्तर तक्ता आम्ही प्रत्येक सादरीकरणात ठेवतो. अलीकडच्या एका बैठकीत हे पान पडद्यावर आले, तर प्रमुख पाहुण्यांनी ‘हे नंतर बघू’ म्हणून ते पुढे ढकलायला लावले, स्वतःच्या मोबाइलमधला एका पावतीचा फोटो काढून दिला आणि तो वाचून दाखवायला सांगितला. मॉडेलने तो बरोबर वाचला. त्यावर ‘वा, मग तयारच आहे की, विकायला का काढत नाही?’ असा सवाल आला. दुसऱ्या एका बैठकीत अशाच एका कागदावर एक अंक चुकला, तेव्हा ‘अजून कच्चे आहे’ म्हणून आमची बोळवण झाली. हजारो कागदांवर काळजीपूर्वक घेतलेली चाचणी समोर असताना एका फोटोवर कंपनीचे भवितव्य ठरवणाऱ्या या लोकांच्या हातात संशोधनाचा पैसा आहे, याचा मनस्वी संताप येतो.

साधे गणित आहे, आणि ते करून पाहायला कोणतीही पदवी लागत नाही. एका कागदावर दहा रकाने आहेत आणि प्रत्येक रकाना बरोबर वाचला जाण्याची शक्यता ९५ टक्के आहे असे धरा. पूर्ण कागद निर्दोष वाचला जाण्याची शक्यता मग साधारण ६० टक्केच उरते, म्हणजे शंभरांतल्या चाळीस कागदांत कुठे ना कुठे चूक असते. हीच अचूकता रकान्यामागे ९९ टक्के झाली तर शंभरातले नव्वद कागद निर्दोष निघतात. डेमोमध्ये ९५ आणि ९९ यांतला फरक दिसत नाही. प्रत्यक्ष वापरात तोच ठरवतो की ग्राहक प्रणाली ठेवणार की फेकून देणार. त्या चार टक्क्यांचा रस्ता कोणालाच आधी माहीत नसतो, म्हणून तर त्याला संशोधन म्हणतात. त्याची तारीख आम्ही कुठून आणून द्यायची?

सर्वांत चीड या गोष्टीची येते की, तारखा मागणारे हेच लोक त्याच बैठकीत मोठी मोठी नावे तोंडावर फेकतात. ‘डीपमाइंडने बघा काय केले’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते की डीपमाइंड ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करणारी कंपनी २०१० मध्ये सुरू झाली, २०१४ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि प्रथिनांच्या रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डने सर्वांना थक्क केले ते २०२० मध्ये. न्यूरल नेटवर्कना (आजची मॉडेल ज्यांवर उभी आहेत त्या गणिती जाळ्यांना) चुकांवरून शिकवण्याची पद्धत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी १९८६ मध्ये सर्वांपुढे आणली, आणि चित्रे ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत क्रिझेव्हस्की, सुत्स्केव्हर आणि हिंटन यांच्या मॉडेलने चुकांचे प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणून दुसऱ्या क्रमांकाच्या २६.२ टक्क्यांना मागे टाकले ते २०१२ मध्ये. मधली २६ वर्षे कोणत्या तिमाही अहवालात बसतात? ही स्पर्धा जिंकणाऱ्या तिघांनी काढलेली कंपनी गूगलने २०१३ मध्ये घेतली, तेव्हा तिच्याकडे विकायला एकही उत्पादन नव्हते. आज आम्ही तसेच गेलो असतो तर आम्हाला दारातूनच परत पाठवले असते, आणि परत पाठवणाऱ्यांच्या पाठीमागे भिंतीवर ‘उद्याचे तंत्रज्ञान’ अशी पाटी लावलेली असते.

आश्वासने उकळून घेतल्याचे परिणाम या क्षेत्राने आधी भोगलेले आहेत. ब्रिटिश गणितज्ञ लाइटहिल यांच्या १९७३ च्या अहवालाने, संशोधकांनी दिलेली वचने आणि प्रत्यक्ष निकाल यांतली दरी दाखवून दिली आणि ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांतला या विषयाचा निधी आटला. १९८७ च्या सुमारास लिस्प यंत्रांचा (लिस्प भाषेतले प्रोग्राम चालवायला खास बनवलेल्या संगणकांचा) बाजार कोसळला आणि तज्ज्ञांचे नियम भरून बनवलेल्या तज्ज्ञप्रणालींच्या नावाने केलेल्या घोषणा पुन्हा अंगाशी आल्या. त्या काळातही कोणीतरी संशोधकांसमोर बसून ‘तारीख सांगा’ म्हणतच असणार. तारीख दिली की पैसे, खरे सांगितले की नकार, असा हिशेब असेल तर प्रामाणिक माणूस बाहेर राहतो आणि थापा मारणारा आत जातो. मग दोन वर्षांनी ‘या क्षेत्रात सगळे फुगवून सांगतात’ म्हणून खापर आमच्याच डोक्यावर फुटते.

पैशांबद्दलचे अर्धवट ज्ञान हा आणखी एक ताप. ‘सात अब्ज पॅरामीटरचे मॉडेल तर माझ्या संगणकावर चालते, तुम्हाला एवढा खर्च कशाला?’ असे एका सल्लागाराने अत्यंत आत्मविश्वासाने विचारले. चालते, हे खरे आहे. प्रत्येक पॅरामीटरला, म्हणजे मॉडेल शिकताना बदलत जाणाऱ्या प्रत्येक आकड्याला, दोन बाइट धरले तर ते १४ जीबीत मावते, आणि आकार आणखी दाबला तर त्याहून कमी जागेत. पण पूर्ण मॉडेल नेहमीच्या पद्धतीने प्रशिक्षित करायचे तर ग्रेडियंट (कोणता आकडा किती बदलायचा याचा हिशेब) आणि ऑप्टिमायझर (तो बदल करणारी पद्धत) यांच्या नोंदी धरून पॅरामीटरमागे सुमारे १६ बाइट लागतात, म्हणजे ११२ जीबी, आणि त्यात मधल्या गणितांची जागा अजून धरलेलीच नाही. ८० जीबी मेमरीचे एक महागडे ग्राफिक्स कार्डही इथे अपुरे पडते. अशी कार्डे तासाच्या भाड्याने घ्यावी लागतात आणि रात्री प्रशिक्षण फिसकटले, लॉसचा (मॉडेलच्या चुकीच्या मापाचा) आलेख अचानक उसळून सगळे वाया गेले, तरी त्या रात्रीचे भाडे द्यावेच लागते. फसलेला प्रयोग हा संशोधनाचा खर्च आहे, उधळपट्टी नव्हे, हे किती वेळा सांगायचे?

आणि फुकटचे पायलट, म्हणजे चाचणीपुरते करून दाखवायचे प्रकल्प! ‘आमच्याकडे करून दाखवा, आवडले तर पुढे बघू’ असे म्हणून आमच्या अभियंत्यांना महिनोन्‌महिने राबवून घ्यायचे. गोपनीयतेचे कारण देऊन खरे कागद द्यायचे नाहीत. फारच तगादा लावला तर मूठभर स्वच्छ, एकाच साच्यातले नमुने पाठवायचे. आणि शेवटी ज्या अधिकाऱ्याने हे सुरू केले त्याची बदली झाली की फोन उचलणेच बंद करायचे. आमच्याकडे पगार दर महिन्याला द्यावे लागतात. या खेळात आमची एक अतिशय गुणी संशोधक कंटाळून मोठ्या कंपनीत निघून गेली, आणि तिला दोष देण्याची माझी मुळीच इच्छा नाही.

यापुढे आम्ही फुकट पायलट करणार नाही. शिक्के, डाग आणि खाडाखोड असलेले खरे कागद कराराखाली द्या, त्यांतले काही आम्हाला न दाखवता चाचणीसाठी बाजूला ठेवा, किती चूक चालेल आणि कोणती चूक अजिबात चालणार नाही हे लिहून द्या आणि कामाचे पैसे द्या. पुढचा प्रयोग कधी संपेल याची तारीख आम्ही सही करून देऊ, आणि तो फसला तर का फसला हेही लिहून देऊ. तो यशस्वी होण्याची तारीख मात्र कोणालाही मिळणार नाही, कितीही मोठी रक्कम पुढे केली तरी.