काळी पाच, पांढरी पाच

मेहुणा न्यू जर्सीहून यायचा असला की आमच्याकडे महिनाभर आधी याद्या सुरू होतात. बायकोच्या यादीत बदाम, व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि कसलंसं क्रीम, आईची यादी म्हणजे "काही नको रे, तू ये" (याचा अर्थ गुडघ्याला लावायचं मलम), आणि पोरांची यादी मी वाचतच नाही, बीपी वाढतं. यावेळी मी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हटलं, तिकडे गराज सेलमध्ये जुनी टर्नटेबलं, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, मिळतात म्हणे, एखादं जरा विचित्रसं दिसलं तर बघ.

आलं ते थेट सोनेरी. म्हणजे खरंच सोनेरी, रेकॉर्ड ठेवायची तबकडी सोनेरी, सुईचा आर्म सोनेरी, खालची प्लेट सोनेरी, साठच्या दशकातलं अमेरिकन धूड. २३ किलोच्या बॅगेत हे एकटं १४ किलो, त्यामुळे बदाम न्यू जर्सीतच राहिले, आणि हे वाक्य मी पुढचे तीन महिने रोज ऐकलं. बायकोने त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "रुखवतात मांडायला चांगलंय." कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिची काही चूक नव्हती, तिने बिचारीने हे काही सदाशिव पेठेत लावायला बनवलं नव्हतं.

आता विचित्रच का हवं होतं, हा प्रश्न मला घरी विचारून झालाय. साधं टर्नटेबल आमच्याकडे होतं की. लहानपणी एचएमव्हीचा फिएस्टा होता, सेलवर चालणारा, उचलून गच्चीत नेता यायचा, त्यावर अख्ख्या वाड्याची कोजागरी व्हायची. पण एकदा का या छंदात पडलात की साधं टर्नटेबल हे जेवणातल्या वरणभातासारखं होतं, चांगलं असतं पण कोणी फोटो काढत नाही. माणूस मग रात्री एक वाजता मोबाईलवर भलभलतं बघत बसतो. डेन्मार्कच्या बँग अँड ओल्युफसेनचा १९७२ चा बिओग्राम ४०००, याकोब येन्सनने डिझाइन केलेला, त्याला दोन काड्या, एक वाजवणारी आणि दुसरी नुसती पुढे जाऊन तबकडीवर रेकॉर्ड ठेवलीय का आणि केवढी ठेवलीय ते बघून येणारी. (आमच्या खानदानात ही दुसरी काडी म्हणजे आत्या.) टेक्निक्सचा १९७९ चा एसएल-१०, मापाने एलपीच्या कव्हराएवढाच, आर्म झाकणात, रेकॉर्ड झाकणानेच दाबून धरलेली, त्यामुळे भिंतीशी उभा केला तरी वाजतो. शार्पने तर रेकॉर्ड उभी धरून दोन्ही बाजूंनी वाजवणारं मशीन काढलं होतं, म्हणजे उलटायला उठायलाच नको. इंग्लंडातल्या ट्रान्सक्रिप्टर्सच्या हायड्रॉलिक रेफरन्समध्ये स्पीड कमीजास्त करायला सिलिकॉनच्या तेलात एक वल्हं बुडवून ठेवलेलं. जपानची एक खेळण्यातली फोक्सवॅगन व्हॅन आहे, तिच्यात रेकॉर्ड घालायची नाही, रेकॉर्ड जमिनीवर आणि व्हॅनच तिच्यावर गोल गोल फिरते, पोटाखाली सुई, आत स्पीकर, आणि रेकॉर्डची वाट. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे १९५६ साली क्रायसलरने गाड्यांमध्ये रेकॉर्ड प्लेअर बसवला होता, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांचा, सात इंची खास रेकॉर्डींचा. तो सिंहगड रोडला टिकला असता का यावर मी आणि माझा एक मित्र चाळीस मिनिटं बोललोय.

यात गाणं कुठे आलं? नाहीच आलं. गॅरार्ड ३०१ वाले लोक बघा, १९५४ पासूनचं मशीन, ते भेटले की आधी विचारतात ग्रीसवालं की ऑइलवालं, म्हणजे बेअरिंगात ग्रीस भरायचं ते सुरुवातीचं की तेल घालायचं ते नंतरचं. त्यावर काय ऐकता हे कोणी विचारत नाही. लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार विचारतात, स्वभाव नाही, तसंच.

तर सोनेरी.

तबकडी उचलली तर खाली मोटरच्या पुलीवरून तबकडी फिरवणारा पट्टा नव्हताच, पट्टा होता तिथे डांबर होतं. साठ वर्षांत रबर वितळून मोटरच्या पुलीला आणि तबकडीच्या काठाला असं चिकटलेलं की मी बोट लावलं, मग त्या बोटाने नाक खाजवलं, मग दिवाणाच्या चादरीला हात पुसला, आणि चादर बायकोच्या माहेरची. पुढचे दोन तास मी रॉकेल, कापूस आणि कानातल्या काड्या घेऊन बाल्कनीत होतो. नवीन पट्टा आणि ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर तपकीर गल्लीतून आणला. दुकानदार म्हणाला मिक्सर का? म्हटलं नाही, रेकॉर्ड प्लेअर. त्याने माझ्याकडे अशा काही मायेने बघितलं की मला रडू आलं असतं.

रविवारी सकाळी उद्घाटन. आई आंघोळ करून समोर खुर्चीत, बायको चहाचा ट्रे घेऊन, शेजारचे पेटीवाले काका खास बोलावलेले. काका चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटीवर, कुठलाही आवाज आला की आधी त्याची पट्टी, म्हणजे पेटीवर कितवी काळी की पांढरी दाबली की तो सूर निघतो ते, सांगतात, आमच्या कुकरची शिट्टी काळी दोन आहे हे मला त्यांच्यामुळे कळलं. मी एका बाईंची जुनी एलपी लावली, नाव सांगत नाही, त्यांचा अपमान नको. सुई टेकली, खरखर झाली, तानपुरे सुरू झाले ते जरा झोपेतून उठल्यासारखे, आणि मग बाईंनी आ लावला.

बाई नव्हत्याच. पुरुष होता. बालगंधर्वांच्या बरोबर उलटा प्रकार, इथे बाई पुरुषपार्टी करत होत्या, आणि तेही भांग घेऊन.

आई म्हणाली, "कोण रे हा मेला? गातोय का कण्हतोय?"

काकांनी मांडीवरची पेटी उघडली, भाता मारला, एक स्वर दाबला, मान हलवली. "बाई काळी पाचच्या. मी समोर बसून ऐकलंय त्यांना. आणि ही बघ, पांढरी पाच. तीसुद्धा उतरलेली. काय केलंस तू बाईंचं?"

मी काही केलं नव्हतं, एमएसईबीने केलं होतं, म्हणजे खरं तर त्यांनीही नाही. झालं असं की ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात पण हर्ट्झ उतरत नाहीत आणि चढतही नाहीत. अमेरिकेत लाईट सेकंदाला ६० वेळा हेलकावे खाते, आपल्याकडे ५०, आणि ही जुनी मोटर इतकी इमानदार की ती त्या हेलकाव्यांना बांधलेली, तिला व्होल्टेजशी देणंघेणं नाही. म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या जागी २७.८. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालणार, आणि सूर तीन पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या मिळून मोजायच्या) आणि शिवाय थोडासा खाली. काकांच्या पेटीने जे अर्ध्या मिनिटात सांगितलं ते समजायला मला दोन रात्री लागल्या. गॅरार्डवाले यात सुटतात, त्यांच्याकडे ५० आणि ६० च्या वेगळ्या पुल्या मिळतात. माझ्या सोनेरीची पुली फक्त ६० ची.

मग मोठी पुली करून घ्यायची ठरली, पुली जाड तेवढी तबकडी जोरात. वर्नियरने मोजली तर जुनी ४.७७ मिलिमीटर, साठ भागिले पन्नास म्हणजे गुणिले १.२, आली ५.७२. दहावीत गणितात पस्तीस पडले होते तरी हे जमलं याचा आनंद एवढा की मी तडक नऱ्ह्याला एका लेथवाल्याकडे गेलो.

"किती पीस?" त्याने विचारलं.

"एक."

"सॅम्पल का? मग लॉट कितीचा?"

"लॉट नाही. एकच."

त्याने मशीन बंद केलं. म्हणजे हात पुसून माझ्याशी नीट बोलायला बंद केलं. "कशाचं आहे हे?"

सांगितलं. तो थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एखाद-दोन पॉइंट इकडेतिकडे चालेल ना?" एखाद-दोन पॉइंट म्हणजे दशांश. मी म्हटलं अहो, दोन दशांशात बाईंचा घसा बसतो. त्याने पितळेची झकास पुली करून दिली, पैसे घेताना म्हणाला, "तुम्ही बाहेर कुणाला सांगू नका माझं नाव, अशी गिऱ्हाइकं वाढायला नकोत."

घरी आलो, बसवली, लावली. आवाज बाईंचा! आई म्हणाली हां, आता कशी. मी काकांकडे बघितलं. काका पेटीवर दोन बोटं ठेवून कपाळाला आठ्या घालून बसले होते. "ही काळी पाच पण नाही आणि पांढरी सहा पण नाही. दोघींच्या फटीत अडकलीय." मी म्हटलं काका, पेटीच बेसूर असेल. त्यानंतर काका पाच दिवस आमच्याकडे आले नाहीत.

खरं कोण हे ठरवायला मग स्ट्रोब. एक गोल कागद असतो, त्यावर १८० काळ्या रेघा, तो रेकॉर्डवर ठेवून फिरवायचा आणि वर लाईट पाहिजे पन्नास हर्ट्झच्या विजेवर लुकलुकणारा, तो एका हेलकाव्यात दोनदा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतो, स्पीड बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. झेरॉक्सवाल्याकडून पाच रुपयांत कागद काढला. लाईट कुठून आणणार? दोन वर्षांपूर्वी मीच अख्खं घर एलईडी केलेलं, बिल वाचतं म्हणून, आणि आमचे एलईडी काही लुकलुकत नाहीत. जुनी चोक-स्टार्टरवाली ट्यूब अख्ख्या सोसायटीत एकच उरली होती, खाली पार्किंगमध्ये पंपरूमच्या बाहेर, कारण ती बदलायचा विषय दर मीटिंगला पुढे ढकलला जातो.

रात्री दहा वाजता मी १४ किलोचं सोनेरी टर्नटेबल कडेवर घेऊन लिफ्टने खाली. बरोबर ट्रान्सफॉर्मर, एक्स्टेन्शन आणि गोल कागद. वॉचमन मामांनी काही विचारलं नाही, नुसती त्यांची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. मी प्लग लावला, तबकडी फिरायला लागली, ट्यूबखाली वाकून बघतोय तर रेघा हळूहळू मागे मागे चाललेल्या, सेकंदाला दोन-अडीच रेघा. म्हणजे काका बरोबर, मी चूक, अडीच टक्के स्पीड कमी. एवढ्यात मागून सेक्रेटरींचा आवाज. ते कुत्र्याला फिरवून येत होते.

"हे काय चाललंय?"

"स्पीड बघतोय."

"कशाचा?"

मी सोनेरी तबकडीकडे बोट दाखवलं. त्यांनी तबकडीकडे बघितलं, मग एक्स्टेन्शन जिथे लावलं होतं तिकडे बघितलं. "हे कॉमन लाईटवर चाललंय?" आता पंपरूमचं बिल महिन्याला किती आणि माझ्या मोटरचे वॉट किती यावर आमचं जे झालं ते मी इथे लिहीत नाही, मिनिट्समध्ये आहे. मजा म्हणजे भांडता भांडता तेही वाकून रेघा बघायला लागले. "मागे जातायत हो," म्हणाले. कुत्राही बघत होता. मामा म्हणाले, "साहेब, पट्टा जाड आहे तो धरला का हिशोबात?"

मी मामांकडे बघत राहिलो. मामा तीस वर्षं पिठाच्या गिरणीत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

नव्हता धरला. पट्ट्याची जाडी आठ दशांश मिलिमीटर, तीही पुलीच्या मापात धरायची असते, म्हणजे खरी पुली ५.७२ नव्हे तर ५.८८ पाहिजे. सोळा शतांशांचा फरक, आणि त्यात बाई फटीत अडकल्या होत्या. लेथवाल्याकडे परत गेलो तेव्हा त्याने मला लांबूनच ओळखलं आणि पोराला सांगितलं, चहा सांग रे, बाईंचे साहेब आलेत.

दुसरी पुली बसली त्याच आठवड्यात सोसायटीने ठराव करून पार्किंगची ट्यूब बदलून एलईडी लावली, माझ्याचमुळे, विजेच्या गैरवापराला आळा म्हणून. जुनी ट्यूब मामांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. ती आता आमच्या हॉलमध्ये आहे, टीव्हीच्या वर, गुंई गुंई करते, आणि स्टार्टर लागायला तीन वेळा डोळे मिचकावते. बायको तिच्याकडे बघून काही बोलत नाही. नुसते बदाम म्हणते.

रविवारी काकांना घरी जाऊन बोलावून आणलं, पेटीबद्दल माफी मागितली. ट्यूब लावली, रेघा बघितल्या, एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी भिंतीवरच्या पालीसारख्या जागच्या जागी चिकटलेल्या. कागद काढून एलपी ठेवली. बाईंनी आ लावला आणि काकांनी काळी पाच दाबली आणि दोन्ही आवाज असे एकमेकांत गेले की पेटी कुठली आणि बाई कुठली कळेना. काकांनी डोळे मिटले. माझ्या अंगावर काटा आला, तीन महिने, दोन पुल्या, एक चादर.

आई खुर्चीत बसून लक्ष देऊन ऐकत होती. गेले तीन महिने मी टेस्टिंगसाठी हीच एलपी लावत होतो, जेवताना, झोपताना, २७.८ वर. बरंच ऐकून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण आता जरा घाई करतेय का रे ही?"