गुण्यात नसलेली खोली

आमचा फ्लॅट जळगावात, एका तीन मजली इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर आहे. १९९८ साली तो घेतला तेव्हा बिल्डरच्या छापील पत्रकात त्याचे क्षेत्रफळ ७५० चौरस फूट होते, खरेदीखतात ते ६४० झाले, आणि यंदा जानेवारीत मी स्वतः टेप धरून भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजले तेव्हा ५१२ भरले. मधल्या सुमारे अडीचशे फुटांत जिना, भिंतींची जाडी, गच्चीवरच्या टाकीची सावली आणि बिल्डरचा आशावाद सामावलेला होता. फ्लॅट कार्पेट क्षेत्रफळावरच विकला पाहिजे असे सांगणारा रेरा कायदा २०१६ सालचा. तोवर आम्ही त्या आशावादाचे सगळे हप्ते फेडून मोकळे झालो होतो.

हे मोजमाप करण्याची वेळ आली ती खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांमुळे. त्यांच्या छताला आमच्या न्हाणीघराची ओल लागली होती आणि त्या ओलीचा आकार दर आठवड्याला ते मला मोबाइलवर पाठवीत असत. न्हाणीघर फोडून वॉटरप्रूफिंग करण्याला पर्याय नव्हता. मात्र न्हाणीघर उघडलेच आहे तर स्वयंपाकघराचा ओटा बदलून घ्यावा, ओटा बदलतोच आहोत तर फरशी बदलावी, आणि फरशी बदलायची तर सामान हलणारच, मग ते पुन्हा जुन्याच जागी कशाला ठेवायचे, असा विचार सौभाग्यवतींनी एका दमात, चहा गाळता गाळता, पूर्ण केला. चहा गाळून होईपर्यंत माझ्या भविष्यनिर्वाह निधीतले बरेचसे गाळून झाले होते. मुदतही तेव्हाच ठरली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी बहीण माहेरी येणार, म्हणजे त्याआधी घर उभे राहायला हवे.

मावसभावाचा मुलगा नुकताच आर्किटेक्ट झाला आहे. त्याने घरचे कार्य म्हणून विनामूल्य नकाशा काढून दिला आणि विनामूल्य वस्तूचे जे व्हायचे ते त्याचे झाले. नकाशा देखणा होता यात शंका नाही. हॉलमध्ये एल आकाराचा सोफा, समोर टीव्हीची भिंत, कोपऱ्यात कुंडीत एक झाड. त्या झाडाला जागा होती, कूलरला नव्हती. जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, वरून आमचा स्लॅब उघडा, आणि ज्या घरात कूलर नाही त्या घरात झाडच काय, पाहुणाही टिकत नाही. गव्हाची आणि दादर ज्वारीची कोठी नकाशात नव्हती. भरिताची वांगी ठेचायची लाकडी बडगी कुठे ठेवायची याचा उल्लेख नव्हता. चैत्रात पापड-कुरडयांच्या वाळवणाची ये-जा गॅलरीतून होते आणि त्यासाठी परात आडवी धरून जाता येईल एवढी वाट लागते, हे त्या पोराला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते.

म्हणून मी आलेखाचा कागद आणला, एका फुटाला अर्धा इंच असे प्रमाण धरले आणि घरातल्या प्रत्येक वस्तूचा पुठ्ठ्याचा तुकडा कापला. पुठ्ठा म्हणून घरात साठलेल्या लग्नपत्रिका कामी आल्या. त्यामुळे लोखंडी कपाटावर गणपती आला, आणि गणपतीचे तोंड कुठे असावे या प्रश्नावर सौभाग्यवतींच्या बंधूंनी, जे वास्तुशास्त्र रविवारी अभ्यासतात, दीड तास व्याख्यान दिले. फ्रिजवर ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असे छापलेले होते. तो फ्रिज आठवडाभर घरभर फिरला. एकदा सगळे तुकडे कसेबसे बसले, मी समाधानाने मागे टेकलो, तेवढ्यात कोणीतरी पंखा लावला आणि काकाचे लग्न थेट न्हाणीघरात जाऊन पडले.

तुकड्यांत न बसणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे आईची बंगई, अर्थात झोपाळा. अमळनेरचे धाब्याचे घर विकले तेव्हा तिथून आम्ही दोनच गोष्टी आणल्या, एक आई आणि दुसरी बंगई, आणि दोघींचा मुक्काम तेव्हापासून हॉलच्या मधोमध आहे. सागाची फळी, पितळी कड्यांच्या चार साखळ्या, स्लॅबमध्ये रोवलेले हूक. कागदावर तिची फळी साडेचार फूट बाय दोन फूट एवढीच दिसते. पण बंगई ही काही खुर्ची नव्हे. ती पुढे दोन फूट आणि मागे दोन फूट जाते, आणि ज्या जागेतून ती जाते तिथे सोफा ठेवला तर सोफ्यावरच्या माणसाचे गुडघे दर तीन सेकंदांनी आठवण काढतात. पुतण्याने सुचवले की बंगई काढून तिथे डायनिंग टेबल येईल. आई काही बोलली नाही. तिने फक्त अंगठ्याने फरशीला रेटा देऊन बंगई थोडी जोरात सोडली. त्या रात्री मी एल आकाराचा सोफा मधोमध फाडला आणि आलेखावर बंगईच्या फेऱ्याची जागा पेन्सिलीने आखली.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या कन्येचा आग्रह होता की स्वयंपाकघराची भिंत पाडून ते ‘ओपन’ करावे. ती भिंत चार इंची होती, तिच्यावर बीम नव्हता, आणि सोसायटीच्या अध्यक्षांची परवानगी मिळण्यासारखी होती. तरी तिला हात लावला नाही, कारण आमच्याकडे शेवभाजीची फोडणी पडते. काळ्या मसाल्याची ती फोडणी बंद दाराआड पडली तरी जिन्यातून वर येणारा पोस्टमन खोकतो. उघड्या स्वयंपाकघरात ती पडली असती तर हॉलमधल्या पाहुण्यांना मिरची जेवणाआधीच लागली असती.

फरशीचा निर्णय मात्र एवढ्यात संपला नाही. कन्येने लाकडी लॅमिनेटचे फोटो पाठवले आणि ते पाहून मलाही मोह झाला, हे कबूल करतो. पण लॅमिनेटच्या पोटात दाबलेला लाकडी भुसा असतो. सांध्यातून पाणी शिरले की तो फुगतो आणि पट्ट्यांच्या कडा उचलल्या जातात. आमच्याकडे एप्रिलपासून रोज दुपारी फरशीवर बादलीभर पाणी टाकून घर गार करतात आणि कूलर भरताना पाइप निसटला नाही असा दिवस उगवत नाही. हे लाकूड पहिल्याच उन्हाळ्यात पुरीसारखे टम्म फुगले असते. संगमरवराला लिंबाचे आणि लोणच्याचे डाग चढतात. कोटा दगडावर माझा जीव होता, कारण उन्हाळ्यात तो पायाला गार लागतो. पण त्याची लादीच जवळजवळ इंचभर जाड, तिच्याखाली मालाचा दीड-दोन इंच थर, म्हणजे जुनी फरशी उखडणे आले, तिसऱ्या मजल्यावरून मलबा उतरवणे आले, आणि शेवटी मशीनने घासताना निघणारा पांढरा चिखल आला. खालच्या शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये तेवढ्या फोटोंना जागा उरली नव्हती.

राहिली व्हिट्रिफाइड टाइल. आमच्या भागात तिला सर्रास ‘स्टाइल’ म्हणतात, आणि एकदा दर ऐकला की हा शब्द अधिक योग्य वाटू लागतो. जुन्या मोझॅकला टाचे मारून, ॲढेसिव्हने, फरशीवरच फरशी बसवायची असे ठरले. खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी मिळून ४२० चौरस फूट. साठ सेंटिमीटरच्या चौरस टाइलच्या एका खोक्यात चार नग, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. तुटफूट आणि कटिंगसाठी दहा टक्के जास्त धरून तीस खोकी. ती सगळी एकाच बॅचची आणि एकाच शेडची घ्यायची, कारण नंतर आणलेले एकतिसावे खोके सवतीसारखे वेगळे दिसते. चार फूट बाय दोनच्या लांब टाइल फॅशनमध्ये आहेत. पण लहान खोलीत त्यांचे तुकडे फार वाया जातात, शिवाय लांब टाइल मधोमध केसभर फुगीर असते, त्यामुळे विटांसारखी अर्ध्यावर अर्धी लावली की पायाला कड लागते. तशी लावायचीच तर एकतृतीयांशावर सरकवतात. हे ज्ञान मला दुकानदाराने दिले आणि देता देता मला सहा प्रकारचे पांढरे रंग दाखवले. त्यांची नावे वेगळी होती आणि दरही वेगळे होते. बाकी मला काही फरक दिसला नाही. सगळा माल मोरबीचा, असे तो अशा अदबीने सांगत होता की जणू मोरबी हे तीर्थक्षेत्र आहे.

आई सोबत आली होती. तिने चपला काढल्या, दुकानातले प्लॅस्टिकचे स्टूल ओढून घेतले, दुकानदाराने मांडलेल्या चकचकीत टाइलवर उजव्या पायाचा अंगठा टेकवला आणि बंगईला देतात तसा मागे रेटा दिला. अंगठा सुळकन सरकला. “हाई घसरस,” ती म्हणाली. दुकानदाराने दुसरी मांडली. “हाई बी घसरस.” तो माणूस इटालियन, सॅटिन, हाय ग्लॉस अशी एकेक शस्त्रे बाहेर काढत गेला आणि आई प्रत्येकीला अंगठ्याने नापास करत गेली. भोवती तीन गिऱ्हाइके जमली. त्यांतल्या एका बाईंनी हळूच आपलीही चप्पल काढली. नवव्या की दहाव्या टाइलला, जी करड्या रंगाची, मॅट आणि दुकानाच्या मागच्या बाजूला धूळ खात पडलेली होती, आई थांबली. “हाई धरस,” ती म्हणाली, आणि उठून चालू लागली. सौभाग्यवतींनी तो करडा रंग पाहून जो श्वास सोडला तो मला घरी येईपर्यंत ऐकू येत होता.

एकेक खोके जवळपास तीस किलोंचे. लिफ्ट नाही. हमालांनी मजल्यागणिक दर सांगितला आणि मी तो दर ऐकून मनातल्या मनात तळमजल्यावर राहायला गेलो.

मिस्त्री भला माणूस होता. पहिल्या दिवशी त्याने हॉलच्या कोपऱ्यात काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या लावला, खाली वाकून पाहिले आणि मान हलवली. गुण्याची एक भुजा भिंतीला चिकटली होती आणि दुसरीच्या टोकाशी माझी करंगळी जाईल एवढी फट होती. “साहेब, खोली गुण्यात नाही.” ज्या खोलीत आमच्या तीन पिढ्या सव्वीस-सत्तावीस वर्षे गुण्यागोविंदाने नांदल्या ती खोली मुळात गुण्यातच नाही हे ऐकून माझ्या पायाखालची फरशी, जी अजून बदलायची होती, सरकली. दाराकडे हॉलची रुंदी २९७ सेंटिमीटर होती आणि खिडकीकडे २९४. पाच टाइल म्हणजे तीन मीटर. तेव्हा पाचवी ओळ कापावीच लागणार आणि तीही तिरपी. “कोणत्या भिंतीवर भरोसा ठेवू?” त्याने विचारले. इतका थेट प्रश्न मला नोकरीत कधी कोणी विचारला नव्हता. अखेर अख्खी टाइल दारापासून सुरू करायची आणि तिरपे तुकडे सोफ्यामागे दडवायचे असे ठरले.

नंतर त्याने पाण्याची नळी लावून लेव्हल घेतली आणि बंगईखाली येऊन थबकला. तिथल्या दोन मोझॅक फरश्यांवर, जिथे आईचा अंगठा टेकतो तिथे, एक गुळगुळीत खळगा होता. त्यातले लाल-काळे दाणे तळहातासारखे मऊ झाले होते. मिस्त्रीच्या मते फरशी खचली असावी. “एक सूत आहे, भरून काढू,” तो म्हणाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टाइल आणि ॲढेसिव्ह मिळून एकूण पातळी चार सूत, म्हणजे अर्धा इंच, वर येणार होती, आणि अर्ध्या इंचाने काय होते, असे मीच त्याला म्हणालो.

अर्ध्या इंचाने घरातले एकही दार उघडेना. जी आतून बंद होती ती आत राहिली आणि त्यांत सौभाग्यवती होत्या. सुताराने दारे उतरवून खालून रंधा मारला. न्हाणीघराचे दार प्लॅस्टिकचे, त्याला रंधा चालत नाही, म्हणून ते नवे आणले. गॅलरीचा उतार जाळीकडे आहे की हॉलकडे हे मी गोटी सोडून पाहिले. गोटी ऐटीत हॉलमध्ये आली. गॅलरी पुन्हा उखडली. सौभाग्यवतींनी भरिताची बडगी नव्या टाइलवर ठेवून पहिला ठोका मारला तेव्हा मी तिच्याखाली घडी घातलेली सतरंजी आणि माझा उजवा हात, अशी दोन्ही सरकवली. सतरंजी वेळेवर पोहोचली.

आखाजीच्या आदल्या दिवशी बंगई पुन्हा टांगली. आई बसली, तिने अंगठा टेकवला आणि बंगई हललीच नाही, कारण तिची दोन्ही पावले पूर्ण टेकून गुडघे वर आले होते. मी टेप आणला. चार सूत फरशी वाढली होती आणि एक सूत खळगा भरला होता. मी शिडीवर चढून चारही साखळ्या एकेक कडी वर घेतल्या. पितळी कडी दीड इंचाची. आता अंगठा हवेत राहू लागला. पुन्हा उतरवली, पुन्हा चढवली. दारात बॅग घेऊन बहीण उभी होती, खाली शेजारी शिडीच्या आवाजाची चौकशी करीत होते, आणि मी स्लॅबला चिकटून पाच सुतांची कडी कुठे मिळेल याचा विचार करीत होतो. आई खालून शांतपणे म्हणाली, “कडी ऱ्हाऊ दे, भाऊ. फरशीच जराशी खाले करी ले.”