14 टक्के टेंडर व्होट पडली की फेरमतदान? असा नियमच नाही

लोकसभा-विधानसभेची निवडणूक आली की हा मेसेज फिरायला लागतो: 'यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि कलम 49ए खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचं मत आधीच कुणी टाकलं असेल तर टेंडर व्होट द्या. केंद्रावर 14 टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडली तर फेरमतदान होतं.' पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण माहिती बरीचशी चुकीची.

यादीत नाव नाही तर मत नाही. आधार दाखवा, पासपोर्ट दाखवा. ओळखपत्रावरून तुम्ही कोण ते कळतं, मताचा हक्क मिळत नाही. 49ए हा 1961 च्या निवडणूक नियमांतला नियम आहे खरा, पण तो मतदान यंत्राच्या रचनेबद्दलचा. चॅलेंजही मतदार करत नाही. 'हा माणूस तो नव्हेच' असा आक्षेप उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी घेतो, त्यासाठी केंद्राध्यक्षाकडे 2 रुपये भरतो आणि चौकशी तिथल्या तिथे होते. तोतया निघाला तर पोलिसांच्या ताब्यात जातो.

टेंडर व्होट मात्र खरं आहे आणि ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. तुमच्या नावावर कुणीतरी मत देऊन गेलंय, तुमच्या बोटाला तर शाईही लागलेली नाही. अशा वेळी परत फिरू नका. केंद्राध्यक्षाच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरं दिलीत की नियम 49पी प्रमाणे तुम्हाला मत देता येतं. ते यंत्रावर नाही, छापील मतपत्रिकेवर. ती वेगळ्या पाकिटात जाते आणि मतमोजणीच्या दिवशी मोजली जात नाही.

मग उपयोग काय? निकालाला आव्हान मिळालं तर न्यायालय ती मतं मोजायला लावू शकतं. राजस्थानात नाथद्वाऱ्याला 2008 च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले: 62,215 विरुद्ध 62,216. तिथल्या टेंडर व्होटांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

14 टक्क्यांचा आकडा कायद्यात कुठेही नाही. निवडणूक आयोगानेही तो खोडून काढलाय. यंत्र बिघडलं, केंद्र बळकावलं, अशा कारणांवरून फेरमतदान होतं आणि ते आयोग ठरवतो.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो मेसेजच्या पहिल्या वाक्याचा. ते वाचून माणूस निर्धास्त होतो, यादी बघत नाही, मतदानाच्या सकाळी आधार घेऊन रांगेत उभा राहतो आणि मत न देताच घरी जातो. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव घालता येत नाही. नाव नोंदवण्याचा अर्ज, म्हणजे नमुना 6, त्याच्या बराच आधी भरावा लागतो.