चित्रातल्या बायकांकडे न बघता चित्र कसं बघावं

जर्मन चित्रकार अर्न्स्ट लुडविग किर्शनरचं, बर्लिनमधल्या चौकाचं चित्र 'पोट्सडामर प्लाट्झ' (1914) समोर आलं की एकदम बघायला लागू नका. चित्र 2 मीटर उंच आहे, त्यातल्या दोन बायका जवळपास माणसाएवढ्या, आणि नजरानजर झाली की पंचाईत होते. आधी शेजारची पाटी वाचा. तिच्यावर 'महानगरीय एकाकीपणा' असा काहीतरी ऐवज असतोच. तो उचला, बाकीचं दालन तेवढ्यावर निघून जातं.

आता बेताबेताने वर बघा. रस्ता हिरवा आहे. बर्लिनचा रस्ता हिरवा कसा, असं विचारून स्वतःचं हसं करून घेऊ नका. हिरवा म्हणजे विष, म्हणून मोकळे व्हा. मागे स्टेशनच्या घड्याळात मध्यरात्र झाली आहे. ही तर पर्वणीच! वर्ष महायुद्धाचं, घड्याळात बारा. 'युरोपचे बारा वाजले' हे वाक्य किर्शनरने जणू तुमच्यासाठीच टांगून ठेवलंय.

पुरुषांवर वेळ दवडायचं कारण नाही. सगळे काळ्या कपड्यांत, पाय कात्रीसारखे फाकलेले, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. एक जण फूटपाथवरून उतरता उतरता तसाच अडकलाय. तो बायकांकडे बघतोय की रस्त्याकडे, हे कळत नाही. कळू नये अशीच त्याची इच्छा असणार.

खरी अडचण बायकांची. भर चौकात, एका गोल बेटावर दोघी उभ्या, आणि एकीच्या चेहऱ्यावर विधवेची काळी जाळी. युद्ध सुरू झाल्यावर देहविक्रय करणाऱ्या काही जणी विधवेच्या वेशात फिरत, असं समीक्षक सांगतात. म्हणजे पोटासाठी शोकसुद्धा अंगावर चढवायचा. इथे तुमच्या मनात नको ते प्रश्न येतील: ही राहते कुठे, आज काही खाल्लं का, पोलीस आले तर जाईल कुठे. ते दाबा. तिला 'प्रतीक' म्हणा. प्रतीकाला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, आणि प्रतीकाकडे तासभर टक लावून बघितलं तरी तुमच्या सभ्यपणावर कोणी शंका घेत नाही.

समीक्षक तुमच्या मताचा नसेल तर नवा तयार करा. किर्शनरने पुढे तेच केलं. लुई द मार्साल नावाचा फ्रेंच समीक्षक त्याने मनानेच रचला आणि त्याच्या सहीने स्वतःच्या कामाची तारीफ छापली. इतकं नीटनेटकं परीक्षण दुसऱ्या कोणाला जमलंही नसतं.

चित्रापेक्षा भिंतीवर विश्वास ठेवायला लाजू नका, ही जुनी परंपरा आहे. 1937 साली नाझींनी किर्शनरची सहाशेहून अधिक कामं संग्रहालयांतून उचलली. म्युनिकमध्ये 'अधःपतित कला' म्हणून प्रदर्शन भरवलं, त्यात त्याचीही चित्रं होती, आणि लोकांनी काय समजायचं ते भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. लोकही वाचत गेले.

आणि हो, जाताना काळा कोट घालू नका. चित्रातले पुरुष मागे, लांब आहेत; त्या दोघी आणि तुम्ही यांच्यामध्ये कोणीच नाही. तिसऱ्याने बघितलं तर सगळ्यात पुढचं गिऱ्हाईक कोण, हे त्याला पाटी न वाचता कळेल.