न्यू उल्मचा दाखला देण्याआधी

महाराष्ट्रात भाषेचा वाद पेटला की आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मुद्दा हमखास येतो. ‘अमेरिकेत आलेल्या सगळ्यांनी इंग्रजी शिकून घेतलीच ना? मग मुंबईत येणाऱ्याला मराठी शिकायला काय धाड भरते?’ पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला आणि २९ जूनला मागे घेतला गेला, त्या काळात तर हा मुद्दा रोजच यायचा. मुंबईत राहणाऱ्याने मराठी शिकावी हे मलाही मान्य आहे. पण अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी आधी न्यू उल्मला एक चक्कर मारावी. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं, मिनियापोलिस शहरापासून साधारण दीडशे किलोमीटरवरचं, जर्मनांनी वसवलेलं चौदा हजार वस्तीचं गाव.

हिमयुगाच्या अखेरीस अगासिझ नावाच्या अफाट सरोवराचं पाणी इथून वाहून गेलं आणि आजच्या मिनेसोटा नदीला ढगळ होईल एवढं रुंद खोरं कोरून ठेवलं. त्या खोऱ्याच्या टप्प्याटप्प्यांच्या उतारावर गाव वसलंय. टेकडीवर हर्मान या रोमनांना हरवणाऱ्या प्राचीन जर्मन वीराचा पुतळा आणि मार्टिन ल्यूथर कॉलेज. १८५४ मध्ये शिकागोच्या जर्मनांनी ही जागा हेरली, पाठोपाठ सिनसिनाटीचे टर्नर येऊन मिळाले. टर्नर म्हणजे तालमी चालवणारे, पण पाद्र्यांना चार हात लांब ठेवणारे मुक्तविचारी लोक. त्यांच्याच गावात १८८४ पासून ल्यूथरपंथीय कॉलेज आहे आणि आज तिथे शिक्षकांबरोबर पाद्रीही घडतात. नियतीला विनोदबुद्धी असते म्हणायची.

जमीन अर्थातच रिकामी नव्हती. १८५१ च्या करारांनी ती डकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतली गेली आणि त्यांना नदीकाठची पट्टी उरली. १८६२ मध्ये करारातली रक्कम सरकारकडून वेळेवर आली नाही, व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली, उपासमार झाली आणि युद्ध पेटलं. १९ आणि २३ ऑगस्टला न्यू उल्मवर हल्ले झाले. गावाचा मोठा भाग जळाला, माणसं जवळच्या मॅनकेटो गावाला निघून गेली. त्याच मॅनकेटोत २६ डिसेंबरला ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिली आणि पुढच्या वर्षी बहुतेक डकोटांना राज्याबाहेर घालवलं. भूमिपुत्र कोण आणि उपरा कोण याचा हिशेब इथे मांडला, तर जर्मन आणि इंग्रजी बोलणारे एकाच रकान्यात येतात. काही मिशनरी सोडले तर डकोटा भाषा शिकायची गरज त्यांच्यातल्या फारच थोड्यांना वाटली.

गाव पुन्हा उभं राहिलं, तेही जर्मन बोलतच. वर्तमानपत्र, नाटक, टर्नर हॉल, प्रार्थना, सगळं जर्मन. इंग्रजी आलीच, पण तिच्यासाठी जर्मन सोडावी लागत नव्हती.

मग १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध उतरली. २५ जुलैला न्यू उल्ममध्ये हजारोंची सभा भरली. सक्तीने भरती केलेल्यांना मर्जीविरुद्ध परदेशी लढायला पाठवू नये, ही मागणी. महापौर लुई फ्रिट्शे, नगराचे वकील अल्बर्ट फेंडर आणि कॉलेजचे प्रमुख आकरमान तिच्यात पुढे होते. राज्याच्या ‘सार्वजनिक सुरक्षा आयोगा’ने चौकशी लावली. पहिल्या दोघांना राज्यपालांनी पदावरून काढलं, आकरमान यांना दबावाखाली राजीनामा द्यावा लागला. हे पाहिल्यावर पोरांशी चारचौघांत कुठल्या भाषेत बोलायचं, हे आईबापांना वेगळं सांगावं लागत नाही. नेब्रास्का राज्यात तर १९१९ मध्ये कायदाच झाला, की आठवी पार होईपर्यंत मुलाला परकी भाषा शिकवायची नाही. दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून रॉबर्ट मेयर या शिक्षकाला २५ डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये तो कायदा रद्द केला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तेव्हा ‘सगळे इंग्रजी शिकले’ हे अर्धंच खरं. इंग्रजी ते शिकतच होते, जर्मन मात्र त्यांच्याकडून धाकाने सोडवली गेली. मीरा रोडच्या दुकानदाराला मराठीवरून थोबाडीत मारल्याचा व्हिडिओ आला तेव्हा गटावर टाळ्या वाजवणाऱ्यांना मला हेच सांगायचं होतं. बँकेत, तिकीटखिडकीवर, सरकारी दवाखान्यात मराठीवाचून अडलं पाहिजे आणि शिकू पाहणाऱ्याला घराजवळ वर्ग मिळाला पाहिजे. हे किचकट काम आहे, त्याचा व्हिडिओ होत नाही.

न्यू उल्मला जर्मनपणाची आजही ददात नाही. १०२ फुटी हर्मान आहे, १८६० पासूनची शेलची बिअर आहे, ऑक्टोबरफेस्ट आहे. कानावर पडते ती इंग्रजी. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्हीही इथे पेढे वाटले. आमची मुलं गणेशोत्सवाच्या नाटकात पाठ केलेलं मराठी म्हणतात आणि गाडीत बसली की इंग्रजी सुरू, आईबापांशीसुद्धा. आमच्यावर कुठल्या आयोगाची चौकशी लागलेली नाही, तरी रविवारच्या मराठी वर्गाला मुलांना नेऊन सोडायचं म्हटलं की त्याच वेळी नेमका सॉकरचा सराव निघतो. मुंबईच्या रिक्षावाल्याने मराठी शिकलंच पाहिजे असं सर्वांत जोरात लिहिणारे, बहुतेक त्याच मैदानाच्या कडेला बसून लिहीत असतात.